उभ्या ढैंच्यात नांगर

वामनराव आपटीकर गेले तेव्हा आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चौघे जण बोलले. पहिला म्हणाला, शांत स्वभावाचे होते. दुसरा म्हणाला, जन्मात कुणाला उलटून बोलले नाहीत. तिसऱ्यानं अजातशत्रू असा शब्द वापरला. त्याचा अर्थ मी शेजारी बसलेल्या माणसाला विचारला, आणि अर्थ कळल्यावर उठलो, चपला शोधल्या आणि थाटीपूरला माझ्या घरापर्यंत पायी आलो. माझे गुडघे आता एवढं चालण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. पण टेम्पोत, म्हणजे इकडच्या सीटवाल्या रिक्षात, बसलो असतो तर टेम्पोवाल्याशी भांडलो असतो. चौथा काय बोलला ते मला माहीत नाही, आणि जाणून घ्यायचंही नाही.

मी सहावीपर्यंत शिकलो, तेही हिंदी शाळेत. मराठी घरात बोलून बोलून आली. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले, मी सरकारी फार्मवर ट्रॅक्टर चालवला. तेव्हा माझ्या लिहिण्यात चुका निघतील, काढणाऱ्यांनी काढाव्यात. जे शिकलेले होते त्यांनी चांगल्या भाषेत खोटं सांगितलं, म्हणून मला लिहावं लागतंय.

वामनराव शांत नव्हते. मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर एकाच फार्मवर काम केलं, मला विचारा. ते रोज सकाळी माधवगंजहून सायकल मारत मोरारच्या पुढे आमच्या फार्मवर यायचे आणि फाटकातून आत शिरल्या शिरल्या कुणावर तरी ओरडायचे. पाणी बांधावरून वाहून गेलं की ओरडायचे. खुरपी उन्हात टाकून कुणी चहाला गेलं की ओरडायचे. हुद्दा म्हणाल तर फील्डमन, म्हणजे साहेबाच्या खाली आणि मजुराच्या वर, दोघांच्या शिव्या खायची जागा. आजोबा पुजारी होते, म्हणून आसपासच्या गावांतले लोक त्यांना 'खादवाले पंडितजी' म्हणायचे, खाद म्हणजे खत. पंडितजी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. खादवाले म्हटलेलं आवडायचं.

खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात डबा, एक वाकडी खुरपी आणि चष्म्याची जुनी डबी, तिच्यात माती. शेतात शिरताना चपला बांधावर काढून ठेवायचे. मी एकदा म्हणालो, वामनराव, काटा जाईल. म्हणाले, गेला तर मला जाईल, तुम्ही ट्रॅक्टर बघा. जमीन कशी आहे हे बघायला चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि मग थुंकायचे. नवीन आलेले साहेब लोक हे बघून हसायचे, प्रयोगशाळा आहे की म्हणायचे. वामनराव म्हणायचे, प्रयोगशाळेचा कागद महिन्यानं येतो, माझी जीभ माझ्यापाशीच आहे.

आमच्या फार्मच्या टोकाला ऊसर जमिनीचा एक तुकडा होता. ऊसर म्हणजे काय ते ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. पाऊस संपला की वर पांढरी पापडी धरते, कुणी चुना फासून गेल्यासारखी. पाणी टाकलं तर आत मुरत नाही, वर उभं राहतं, आणि वाळलं की जमीन विटेसारखी. गहू पेरला तर वीतभर येतो आणि पिवळा पडून बसतो. फार्मच्या कुंपणापलीकडे गावातल्या पाच-सहा जणांची जमीनही तसलीच. त्यातला एक रामसेवक. तो म्हणायचा, या जमिनीत भूतसुद्धा राहत नाही, राहून खाणार काय.

वामनरावांनी त्या तुकड्यावर ढैंचा पेरायचं मनावर घेतलं. महाराष्ट्रात आमचे पाहुणे ताग गाडतात म्हणे, इकडे ढैंचा. पाऊस लागला की बी दाट फेकायचं. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत छातीला लागतो. आणि छातीला लागला, कोवळा लुसलुशीत आहे, फुलावर यायच्या बेतात आहे, तेव्हाच तो उभाच्या उभा नांगरून मातीत गाडायचा. विकायचा नाही, जनावरांना घालायचा नाही, बघत बसायचा नाही. कुजून त्याचं खत होतं, जमीन भुसभुशीत होते, आणि पुढचा गहू त्यावर जगतो. एवढीच विद्या आहे. पण ही एवढी विद्या लोकांच्या गळी उतरवायला त्या माणसानं घसा फोडून घेतला.

पेरल्यापासून ते दिवस मोजायचे. पंपघराच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ. पंचवीस-तीस रेघा झाल्या की एखादं रोप मुळासकट उपटायचं, माती झटकायची आणि मुळावरच्या बारीक गाठी आम्हाला दाखवायच्या. अंगठ्याच्या नखानं गाठ फोडायची. आत गुलाबी निघाली की खूश. "बघा, जिवंत आहे. आत कारखाना चालू आहे." मातकट निघाली की दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. ढैंच्याला कुणी पीक म्हटलं तर त्यांना राग यायचा. म्हणायचे, हे पीक नाही, जमिनीचं जेवण आहे. ताट वाढल्यावर ते समोर ठेवून फोटो काढता, की जेवायला देता?

पहिल्या वर्षी मी ट्रॅक्टरला पाटा, म्हणजे लाकडाची जड फळी, जोडला. आधी पाटा फिरवून ढैंचा आडवा करायचा आणि तो ज्या दिशेला पडला त्याच दिशेनं पलटी नांगर घालायचा, म्हणजे काड्या नांगरात गुंडाळत नाहीत. हे त्यांनीच मला शिकवलं. ट्रॅक्टर सुरू केला तर रामसेवकची आई कुंपणाच्या फटीतून आत आली आणि ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. या भागात उन्हाळ्यात हिरवी काडी दिसत नाही, तिची म्हैस काय खात होती तिलाच ठाऊक. तिनं मला शिव्या घातल्या. कुणाच्या तरी ताटातलं ओढून मातीत घालताय, तुमचे हात झडतील म्हणाली. मी इंजिन बंद केलं.

वामनराव तिच्याशी भांडले. म्हणजे खरंच भांडले, हातवारे करून, म्हातारी आहे म्हणून आवाज कमी केला नाही. ती पण कमी नव्हती. अर्धा तास तो तमाशा चालला. शेवटी वामनराव म्हणाले, अम्मा, तीन आठवड्यांनी या, आणि तेव्हा पण माझे हात झडावेत असं वाटलं तर मी खुरपी आणून देतो, तुम्हीच तोडा. ती बाजूला झाली. तीन आठवड्यांनी त्यांनी तिला खरंच बोलावून आणलं. ढेकूळ उचलून तिच्या हातात दिलं. ते तिच्या मुठीत फुटलं. त्या जमिनीचं ढेकूळ कुणाच्या मुठीत फुटलेलं मी तरी पहिल्यांदा बघत होतो. म्हातारीनं वास घेतला. पदराला हात पुसले आणि गेली. दुसऱ्या वर्षी रामसेवकनं बी मागितलं.

आमच्या क्वार्टरवर वामनराव महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. मला भेटायला नाही, सुमनला. सुमन माझी बायको. क्वार्टरच्या मागे विटांचे तुकडे आणि राख अशी हातभर जागा होती, तिथे तिला मेथी-कोथिंबीर लावायची होती आणि काही उगवत नव्हतं. वामनरावांनी मूठभर ढैंचा दिला. नंतर येऊन बघतात तर बाईनं तो विळ्यानं कापून, बारीक करून, कुदळीनं गाडून टाकलेला. दिवस बरोबर मोजून. ते तिला म्हणाले, "वहिनी, तुम्ही माझ्या फार्मवर या, मोहित्यांना घरी ठेवा." ती म्हणाली, "ठेवलं असतं हो, पण हे घरी राहून करतील काय. त्यांना तर बटाटासुद्धा सोलता येत नाही." दोघं हसले. मी तिथेच बसलो होतो.

त्या दोघांचं जमायचं कारण दोघांनाही काम वेळेवर झालेलं लागायचं. मला साहेबानं सांगितलेलं लागायचं. हा फरक मला पुढे महागात पडला, पण तेव्हा मी त्याला शिस्त म्हणायचो.

दुसऱ्या वर्षी त्या तुकड्यावरचा गहू मांडीच्या वर आला. कुंपणापलीकडून लोक बघून जायचे. तिसऱ्या वर्षी वामनरावांनी कुंपणापलीकडच्या सगळ्यांना तयार केलं. घरोघर गेले, ओट्यावर बसले, चहा घेतला, भांडले, परत गेले. सगळ्यांनी ढैंचा पेरला. त्यांच्याकडे नांगर होते, कुणाकडे बैल, कुणी भाड्यानं ट्रॅक्टर आणणार होतं. पण त्यांची एक अट होती: आधी सरकारी तुकड्यात नांगर चालू दे, तो दिसला की मग आम्ही. इकडचा माणूस तोंडाच्या बोलण्यावर विश्वास ठेवत नाही, डोळ्यांनी बघतो. वामनराव म्हणाले, ठीक आहे, बेचाळिसाव्या दिवशी सकाळी मोहिते ट्रॅक्टर घेऊन उभे असतील.

त्या वर्षी ढैंचा असा काही आला की काय सांगू. भिंतीसारखा. आमच्या फार्मचे साहेब नवीन होते, ते गाडीतून उतरून तिथे येऊन उभे राहिले. कॅमेऱ्यानं फोटो काढले. मग त्यांना आठवलं की भोपाळहून मोठे साहेब दौऱ्यावर यायचे आहेत. त्यांना दाखवायला फार्मवर दुसरं होतं काय? भिंती पडलेलं गोदाम आणि तीन ट्रॅक्टर, त्यातले दोन बंद. साहेब म्हणाले, आपटीकरजी, दौरा होईपर्यंत याला हात लावायचा नाही. ऊसरमध्ये एवढी हिरवळ, आणखी काय पाहिजे दाखवायला.

वामनरावांनी समजावलं. साहेब, ही दाखवायची वस्तू नाही. वेळेवर गाडला तर आठवड्या-दोन आठवड्यांत कुजतो. महिनाभर उभा राहिला तर त्याचं लाकूड होईल. लाकूड कुजायला महिने लागतात, आणि ते कुजत असताना गव्हाच्या वाटचंसुद्धा खाऊन टाकतं. साहेब म्हणाले, चार दिवसांनी काय आकाश कोसळणार आहे. चार दिवसांचे आठ झाले. दौऱ्याची तारीख पुढे ढकलली. परत पुढे ढकलली.

बेचाळिसाव्या दिवशी सकाळी वामनराव ट्रॅक्टरच्या शेडमध्ये आले. मी फिल्टर साफ करत होतो. ओरडले नाहीत. म्हणाले, "मोहिते, पाटा जोडा. दोन तासांचं काम आहे. साहेब अकराला येतात."

मी म्हणालो, ऑर्डर नाही.

म्हणाले, "माझं नाव सांगा. म्हणा आपटीकरनं सांगितलं, मला काय माहीत."

मी म्हणालो, लॉगबुकवर सही माझी असते. क्वार्टर जाईल. माझ्या नोकरीची अजून इतकी वर्षं बाकी आहेत.

कुंपणापलीकडे लोक आले होते, आपापल्या बांधावर बसून वाट बघत होते. शेडमधून ते मला दिसत होते. वामनरावांना पण दिसत होते. मग ते शेडमधून निघून गेले. मी फिल्टर साफ करत राहिलो. फिल्टर कधीच साफ झाला होता.

तासाभरानं बघतो तर वामनराव रामसेवकचे बैल घेऊन तुकड्याच्या कोपऱ्यात शिरलेले. रामसेवक नांगर धरून, हे पुढे ढैंचा पायांनी तुडवून आडवा करत. दोन माणसं आणि दोन बैल, किती होणार. कोपरा झाला, जेमतेम आमच्या मंडळाच्या हॉलएवढा, आणि तेवढ्यात चौकीदारानं साहेबांना फोन लावला. बैल बाहेर काढायला लावले. वामनरावांना नोटीस मिळाली.

आणि कुंपणापलीकडचे लोक उठून घरी गेले. त्यांचा हिशेब सरळ होता. सरकार स्वतःचा ढैंचा उभा ठेवतंय, म्हणजे उभा ठेवण्यात काही तरी फायदा आहे, पंडितजींना सांगितलेलं नाही एवढंच. वामनराव घरोघर फिरले. कुणी ऐकलं नाही. एक म्हणाला, तुमच्या साहेबापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का. सगळ्यांनी ढैंचा उभा ठेवला, फक्त रामसेवकनं त्याच दिवशी दुपारी आपला गाडला, कारण बैल जुंपलेलेच होते.

दौरा झाला तेव्हा ढैंच्याला शेंगा धरल्या होत्या. मोठे साहेब गाडीतून उतरले. बेढई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी मागवली होती, ती आधी खाल्ली. मग ढैंच्यात उभे राहून फोटो. ढैंचा त्यांच्या डोक्याच्या वर गेलेला, त्यामुळे फोटोत साहेब कमी आणि ढैंचाच जास्त. त्यांनी आमच्या साहेबांना विचारलं, हे काय आहे, अंबाडी का. आमचे साहेब म्हणाले, जी सर, तसलंच. वामनराव मागे उभे होते. मला वाटलं आता हा माणूस काही तरी बोलणार आणि आमचं सगळ्यांचं वाटोळं होणार. ते वाकून एक रोप उपटायला गेले, ते उपटलं गेलं नाही. दोन्ही हातांनी ओढलं तरी नाही. मोठे साहेब गाडीत बसले.

मग मला ऑर्डर मिळाली, नांगरून टाका. पाटा काय, काही उपयोग नव्हता. काठ्या झाल्या होत्या. नांगराला गुंडाळायच्या, मी उतरून कोयत्यानं तोडायचो, परत चालवायचो. दोन तासांचं काम चार दिवस चाललं. हाताला फोड आले. वर गव्हाची पेरणी तोंडावर. अर्ध्या काठ्या मातीच्या वर, त्यांना वाळवी लागली. गहू उगवला आणि पिवळा पडून बसला, पहिल्यासारखा. कुंपणापलीकडे पण तेच. त्या कोपऱ्यात मात्र गहू काळाभोर हिरवा. लांबून दिसायचा, पिवळ्या चादरीला हिरवं ठिगळ लावल्यासारखा. रामसेवकचं शेत तसंच हिरवं.

कापणीला वामनराव माझ्याकडे परत आले. थ्रेशर माझ्या ट्रॅक्टरवर चालायचा. म्हणाले, कोपऱ्याचा गहू वेगळा काढा. वजन वेगळं लिहू द्या. एवढा एक कागद हातात असला की मी परत त्या लोकांच्या ओट्यावर जाऊन बसू शकतो. बाकी काही नको.

साहेबांनी सांगितलं होतं, सगळा एकत्र काढा. मी सगळा एकत्र काढला.

वामनराव थ्रेशरच्या बाजूला उभे होते. कोपऱ्याच्या पेंढ्या आल्या तेव्हा त्यांनी हात पुढे केला, म्हणजे मला थांबवायला, की नुसताच, मला माहीत नाही. मी थांबलो नाही. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं की ढैंच्याचा प्रयोग या जमिनीत यशस्वी ठरला नाही आणि संबंधित कर्मचाऱ्यानं पद्धत पाळली नाही. संबंधित कर्मचाऱ्याची बदली बियाण्याच्या गोदामात झाली, पोती मोजायला. रिटायर होईपर्यंत तिथेच. आणि मंडळाच्या हॉलमध्ये तो माणूस म्हणतो, कधी कुणाला उलटून बोलले नाहीत. अरे, बोलले. आमच्यातल्या कुणी ऐकलं नाही. बोलण्याची आणि ऐकण्याची ही जी गफलत तुम्ही शिकलेली माणसं करता ना, तिची मला चीड आहे.

त्या दिवशी संध्याकाळी मी सुमनला सांगितलं. तिनं विचारलं, "वेगळा काढायला किती वेळ लागला असता?" मी म्हणालो, अर्धा तास. तिनं माझं ताट वाढलं आणि जेवायला माझ्यासमोर बसली नाही. नंतर कधी तो विषय काढला नाही. पण महिन्या-दोन महिन्यांनी ती एकटीच टेम्पोनं माधवगंजला जायची, वामनरावांच्या घरी, डब्यात काही तरी घेऊन. मला यायला सांगायची नाही. मीही म्हणायचो नाही की येतो.

वामनराव मला एकदाही टोचून बोलले नाहीत, आणि याचाच मला राग यायचा. रस्त्यात भेटले की मोहिते कसे आहात, गुडघे कसे आहेत. एकदा हजीऱ्याच्या बाजारात सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून उभे होते, मी मुद्दाम म्हणालो, काय वामनराव, अजून ढैंचाच का? म्हणजे त्यांनी चिडावं. ते म्हणाले, हो, बी आणायला आलो होतो, या वर्षी चांगलं मिळालं. आणि पिशवीत हात घालून मला दाखवलं. मी घरी येऊन सुमनवर ओरडलो, कशावरून ते आठवत नाही.

रिटायर झाल्यावर ते दर पावसाळ्यात रामसेवकच्या शेतावर जात राहिले. पगार नाही, हुद्दा नाही, सायकलनंतर टेम्पो, टेम्पोनंतर दीड कोस पायी. रामसेवकची जमीन इतक्या वर्षांनी जमिनीसारखी झाली. बाकीच्यांनी बरीच वर्षं नाव काढलं नाही, मग एकानं घाबरत घाबरत पेरला, मग आणखी एकानं. वामनराव प्रत्येकाचे दिवस मोजायचे. सुमन हे सगळं मला सांगायची. भाजी चिरता चिरता, माझ्याकडे न बघता.

सुमन गेल्या वर्षी पावसाळ्यात गेली. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी हॉस्पिटल, पाचव्या दिवशी घरी आणली ती तशीच. याच्यापुढे मला त्याबद्दल लिहायचं नाही.

तेराव्याचा मी सगळ्यांना निरोप दिला. वामनरावांना स्वतः फोन केला. ते म्हणाले, त्या दिवशी जमणार नाही हो मोहिते, दुसऱ्या दिवशी येतो. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. परत सांगितलं. ते परत तेच म्हणाले.

तेराव्याला माणसं आली, जेवली, गेली. ज्यांनी तिला दोनदा बघितलं नव्हतं तेसुद्धा आले. आणि ज्याला ती भाऊ मानायची, ज्याच्या घरी इतकी वर्षं डबे घेऊन गेली, तो आला नाही. मी हात धुतले आणि पाहुण्यांना सोडून निघालो. त्यांना कुठे बोलावलंय, किती महत्त्वाचं लग्न आहे, बघतोच म्हणालो. माधवगंजला गेलो, कुलूप. शेजारी म्हणाले, शेतावर गेले. मग तर माझं डोकं फिरलं. मोरार, तिथून दुसरा टेम्पो, तिथून पायी. रस्ताभर काय काय बोलायचं ते ठरवत होतो. सगळं बोलणार होतो. म्हणजे सगळंच.

पोचलो तर रामसेवकच्या शेजारच्या शेतात, पूर्वी ज्या लोकांनी ढैंचा उभा ठेवला होता त्यातल्या एकाच्या शेतात, रामसेवक ट्रॅक्टर चालवत होता. ढैंचा छातीएवढा. ढग भरून आलेले. वामनराव ट्रॅक्टरच्या मागे नांगरटीतून चालत होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पाय चिखलात. ऐंशीच्या पुढचा माणूस. काठी होती, पण ती टेकायला नव्हती. जिथे ढैंचा नीट दाबला गेला नाही तिथे काठीनं आत ढकलत होते.

मी बांधावरून ओरडलो. जे ठरवलं होतं ते सगळं ओरडलो. ट्रॅक्टरच्या आवाजात त्यांना किती ऐकू गेलं माहीत नाही. रामसेवकनं ट्रॅक्टर थांबवला. मग सगळं एकदम शांत झालं आणि माझं ओरडणं मला एकट्यालाच ऐकू येऊ लागलं, तेव्हा मी थांबलो.

वामनराव बांधापर्यंत आले. दम लागला होता. म्हणाले, "आज पंचेचाळिसावा दिवस आहे. तीन दिवस पाऊस होता, ट्रॅक्टर आत घालता येत नव्हता. उद्या परत लागेल. या शेतवाल्याचं या वर्षी पहिल्यांदाच आहे, मोहिते. याचा चुकला तर हा परत कधी पेरणार नाही."

त्यांनी काठीला लागलेला चिखल बांधावर पुसला.

म्हणाले, "वहिनींना मी सांगून ठेवलं होतं, या शेताचा दिवस कधी येतो ते. त्यांना माहीत होतं."

मग मला काय झालं ते मला अजून कळत नाही. मी सुमनबद्दल भांडायला गेलो होतो आणि तोंडातून दुसरंच निघालं. मी म्हणालो, "वामनराव, त्या दिवशी पाटा जोडायला माझ्या बापाचं काय जात होतं. दोन तासांचं काम होतं. आणि तो गहू मी वेगळा काढू शकलो असतो."

मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. सगळे असंच म्हणतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत असं सरळ बघितलं नव्हतं.

म्हणाले, "हो. काढू शकला असतात."

एवढंच. त्यात राग नव्हता आणि माफीही नव्हती. मग त्यांनी रामसेवकला हात केला. ट्रॅक्टर सुरू झाला. कडेला नांगर वरवर चालला होता, तिकडे काठी दाखवत, शिव्या घालत ते चिखलातून गेले. रामसेवकनं नांगर खाली घेतला. थेंब पडायला लागले होते आणि अर्ध्याच्या वर शेत अजून उभं होतं. मी चपला काढल्या आणि आत उतरलो. माझ्याकडे काठी नव्हती, म्हणून हातानं दाबत गेलो. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.